मामींना सांग

देवळाली प्रवरात कुणालाही विचारा, या काकासाहेब फिटरच्या हाताखालून दुरुस्त न होता गेलेलं यंत्र नाही! साखर कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी. टर्बाइन उघडून परत बसवलंय, भर सीझनमध्ये ऊस टाकायच्या गव्हाणीची तुटलेली साखळी चार तासांत जोडलीय. तेव्हा एक म्हातारी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, तिचं राहतं घर करायचं, जिथं लाइट नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही अशा डोंगरात ती नेऊन उभी करायची, अन् तिथं तीन दिवसांत एका माणसाला एक वाक्य बोलायचं, यात अवघड काय होतं? गाडी जमली. डोंगरही जमला. वाक्याचं काय झालं ते सांगतो.

वाक्य साधं होतं. ‘मामी, बेलापूरला जाऊ नका.’

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, भागिरथीबाई. वय अठ्ठ्याहत्तर. सासरे वारले, मुलगा नाही, म्हणून नऊ वर्षांपूर्वी जयमालानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांना आमच्याकडे आणलं. आता आमच्या भागातल्या जुन्या माणसांची रीत अशी, की सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. जावई दारात आला की डोक्यावर पदर आणि पाय आतल्या खोलीत. हल्ली हे सगळं सैल झालंय. नव्या सासवा जावयाबरोबर सेल्फी काढतात. पण मामी जुन्या घडणीच्या. नऊ वर्षं एका छताखाली राहून आम्ही एकमेकांशी थेट एक शब्द बोललो नव्हतो!

म्हणजे बोलत होतो, पण जयमालाच्या मार्फत. तिघंही चार फुटांत बसलेलो असायचो. मी म्हणायचो, “मामींना सांग, टीव्हीचा आवाज जरा कमी करा.” मामींनी ते धडधडीत ऐकलेलं असायचं. तरी जयमाला त्यांच्याकडे वळून म्हणायची, “आई, ते म्हणतात एवढ्या जवळनं बघू नको, डोळे दुखतील.” मग मामी म्हणायच्या, “त्यांना सांग, माजं डोळं माज्यापशी.” ती माझ्याकडे वळायची, “आई म्हणते, करते कमी.” दोघांनाही खरं काय ते ऐकू आलेलं असायचं, पण घरात कायदा जयमालाच्या भाषांतराचा चालायचा. त्या भाषांतरावर आमचं घर नऊ वर्षं भांडणाशिवाय चाललं.

मे महिन्यात जयमाला गेली. मागच्या दारी मेथी निवडत बसली होती. मी गाडीखालून ओरडून तिच्याकडे पाना मागितला, तिनं दिला नाही. मला वाटलं रागावली असेल. अर्ध्या तासानं मी बाहेर आलो तेव्हा निम्मी जुडी निवडून झाली होती आणि ती भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, काही कळलंही नसेल तिला. आम्हाला मात्र कळलं, आणि अजून कळतंच आहे.

मग घरात उरलो मी आणि मामी. दोन माणसं, अन् मधलं माणूस नाही! सुरुवातीचे दिवस पाव्हण्यारावळ्यांत गेले. नंतर आमचं बोलणं असं सुरू झालं, की मामी गॅसच्या शेगडीशी बोलायच्या आणि मी दाराच्या कडीशी. “कुणाला भाकरी पायजेल असंल तर तव्यावर हाय,” असं त्या शेगडीला सांगायच्या. “संध्याकाळी यायला उशीर होईल बुवा,” असं मी कडीला सांगायचो. शेगडीला सांगितलेलं मला कळायचं, कडीला सांगितलेलं मामींना. पण शेगडीला काही सगळंच सांगता येत नाही. रात्री त्या आतल्या खोलीत खोकायच्या आणि मी बाहेरच्या खोलीत जागा असायचो. मी जागा आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना झोप नाही हे मला. हे कुठल्या कडीला सांगणार?

गणपतीनंतर बेलापूरहून मामींचा भाचा नितीन आला. चांगला, सरळ माणूस. तो म्हणाला, लेकच राहिली नाही तर जावयाच्या घरी राहणं लोकांना बरं दिसत नाही, आत्यानं दिवाळी झाली की माहेरी यावं, तिच्यासाठी खोली काढून ठेवलीय. आत दाराआड मामींनी मान हलवली असावी, कारण बांगड्या वाजल्या. बाहेर मीही हलवली. जावयाची मान अशा वेळी आपोआपच हलते. नितीन गेल्यावर मात्र मी हिशोब केला. मामी गेल्या तर त्या घरात खोकायलाही कुणी राहणार नव्हतं.

म्हणून ही योजना!

गाडी आम्ही नवराबायकोनं चार वर्षं खपून केली होती. मागं लोखंडी पलंग, त्याखाली डबे, साठ लिटरचं पाण्याचं पिंप आणि त्याला तोटी, दोन शेगड्या, टपावर सोलरची पाटी. जयमालाला घाटघरच्या वरच्या माळावर जाऊन राहायचं होतं. कारखान्यातल्या बायकांच्या सहलीत तिनं ती जागा एकदा बसच्या खिडकीतून पाहिली होती, तेवढ्यावर चार वर्षं बोलत होती. ड्रायव्हरची सीट आणि मागचा भाग यांच्यामध्ये तिनं एक जाड मोरपंखी पडदा शिवला. म्हणाली, आई बरोबर आली तर मागं मोकळी बसेल, तुमच्या पाठीकडं बघत पदर सावरायला नको. प्रत्येक गोष्टीचा विचार केला होता तिनं, आपण नसण्याचा सोडून.

दिवाळी झाल्यावर मी कडीला सांगितलं, “गाडी तयार आहे. तिला जायचं होतं तिथं तीन दिवस नेऊन आणावी म्हणतो. येताना बेलापूरवरून येता येईल.” दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मामींची पत्र्याची पेटी बांधून तयार, वर दशम्यांचं गाठोडं. त्या बेलापूरला राहायच्याच तयारीनं निघाल्या होत्या. म्हणजे मला मुदत तीन दिवसांची. ज्यानं टर्बाइन उघडलंय त्याला एका वाक्याला तीन दिवस रग्गड, असं मनाशी म्हणून मी गाडीला चावी लावली.

कोल्हार, लोणी, संगमनेर मागं पडलं. मी पुढं, मामी पडद्यामागं. मी वाक्य तोंडात घोळवतोय, आणि पडद्यामागून मामी पाण्याच्या पिंपाशी बोलतायत. “ब्रेक लई दाबत्यात बाई,” असं पिंपाला कळलं की मी ब्रेक हळू दाबायचो. अकोल्यात “कुणाला च्या प्यायचा असंल तर हाटेल बरं दिसतंय” असं पिंपाला कळलं, मी गाडी थांबवली. प्रवास असा अगदी सुरळीत चालला होता. राजूर गेलं, भंडारदऱ्याचं पाणी दिसायला लागलं. धरणाच्या कडेकडेनं रस्ता चढतो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरं. पांजरे गाव ओलांडल्यावर चढावर इंजिन तापलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी उतरलो, इंजिन निवेपर्यंत वीसेक मिनिटं दरीकडे बघत उभा राहिलो, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, बॉनेट आपटून लावलं आणि निघालो. आता बघा, या वीस मिनिटांत मामींना उतरायचं होतं. कशासाठी ते तुम्ही ओळखलंच असेल. ब्रेकबद्दल पिंपाला सांगता येतं, चहाबद्दल सांगता येतं, पण जावई ऐकत असताना हे कसं सांगणार? जयमाला असती तर आईच्या नुसत्या तोंडाकडे बघून तिनं गाडी थांबवायला लावली असती. मामींनी खुंटीवरचा तांब्या घेतला, मागचं दार हळूच उघडलं आणि झुडपाआड गेल्या. मी आवाज न करणाऱ्या बिजागऱ्या बसवल्या होत्या त्या दाराला. त्यांचा मला फार अभिमान होता!

गाडी चढाला लागली आणि मला कंठ फुटला. पाठ फिरवून बोलायचं, मध्ये पडदा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. याहून सोपी संधी येणार नव्हती.

“मामी,” मी म्हणालो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा! “मामी, तुम्ही उत्तर दिलं नाही तरी चालेल, नुसतं ऐका.”

आणि मी सुटलो. म्हणालो, लोकांना काय दिसतं ते लोक बघतील, तुम्ही जाऊ नका. म्हणालो, मला वरणात पाणी किती घालायचं कळत नाही, पण ते काही कारण नाही, खानावळीतही जेवता येतं. कारण असं आहे, की ती कशी हसायची हे माहीत असलेलं त्या घरात तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. आम्हाला मूल नाही. तुम्ही गेलात तर तिच्याबद्दल मी बोलू कुणाशी, न बोलताही बसू कुणाबरोबर? म्हणालो, रात्री तुम्ही खोकता तेव्हा मला बरं वाटतं. हे वाक्य बोलल्यावर मला ते चुकीचं वाटलं म्हणून मी तुमच्या तब्येतीला काही होऊ नये वगैरे जोडलं. मग वळणावर नीट दिसेना, तरी मी बोलत राहिलो. एवढं शांतपणे आजवर माझं कुणीच ऐकून घेतलं नव्हतं.

घाटघरच्या वरच्या माळावर गाडी लावली. चाकाखाली दगड लावले. परत येऊन सीटवर बसलो आणि पडद्याला म्हणालो, “झालं माझं बोलून. काय असेल ते सांगा.”

उत्तर नाही. एवढा मोठा निर्णय, विचार करायला वेळ लागणारच, म्हणून मी थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी खोकून बघितलं. पडदा बाजूला करण्याचा तर प्रश्नच नव्हता, सासू पलीकडे बसलीय! शेवटी उतरून पाय मोकळे केल्यासारखं दाखवत गाडीला वळसा घातला. मागचं दार सताड उघडं होतं आणि वाऱ्यानं हलत होतं. कर्र नाही की कुर्र नाही. पलंगावर पेटी होती, दशम्यांचं गाठोडं होतं, मामी नव्हत्या. खुंटीवर तांब्या नव्हता. तांब्या जागेवर नाही म्हणजे माणूस कुठं गेलंय हे आपल्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मलाही कळलं, बारा किलोमीटर उशिरा!

सांगायला लाज वाटते, पण आधी मला हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, ऐकलं नाही. मग दरी आठवली. मोबाइल काढला, रेंज नाही. रेंज नसलेली जागा मीच तर शोधली होती.

परत त्या चढावर गाडी कशी आणली ते माझं मला माहीत. झुडपाआड कुणी नव्हतं. कडेच्या खडकावर तांब्या मात्र उभा होता, आणि खडकाच्या पलीकडे सरळ दरी. हाक मारायला तोंड उघडलं आणि जोरात ओरडलो, “मामी!” दरीतून उत्तर आलं, “मामी… मामी…” मी आणखी जोरात ओरडलो. तेवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. चौघं जण उतरले, गॉगलवाले. एकानं विचारलं, काका, इको पॉइंट हाच का? मी काही बोलायच्या आत चौघंही कठड्याला उभे राहून हसत हसत ओरडायला लागले, “मामी! ओ मामी!” दरी भरून मामी मामी झालं. मी त्यांच्यात उभा राहून रडत होतो आणि त्यांच्यातली एक मुलगी व्हिडिओ काढत होती.

तो गलका ऐकून खालच्या भातखाचरातून एक माणूस विळा घेऊन वर आला. सहादू त्याचं नाव. त्यानं आधी गॉगलवाल्यांना वाटेला लावलं आणि मग मला विचारलं, काय हरवलं. म्हणालो, माझ्या सासूबाई. तो जरा चमकला. म्हणाला, दिसायला कशा आहेत?

आणि मला सांगता येईना! सत्तावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडाकडे सरळ कधी पाहिलंच नव्हतं. बांगड्यांचा आवाज मला ठाऊक होता. पावलं ठाऊक होती, उजव्या पायाच्या अंगठ्याला जुनी जखम. खोकला तर हजारात ओळखला असता. पण नाक कसं, डोळे कसे? लुगडं कुठलं नेसल्यात, विचारलं त्यानं. तेही माहीत नाही, दिवसभर पडद्यामागं होत्या. उंच का बुटक्या? मी उभा असलो की त्या आत गेलेल्या असायच्या, हे कसं सांगू? जो माणूस नऊ वर्षं घरात राहतो त्याचं एवढंही सांगता येत नाही, याचं मला तिथं रस्त्यात उभं राहून फार वाईट वाटलं. मी म्हणालो, उजव्या अंगठ्याला व्रण आहे.

सहादूचा चेहरा बदलला. म्हणाला, “म्हातारी आमच्या घरी हाय. बरी हाय. मंग तिची लेक कुटाय?”

“लेक?” मी म्हणालो.

“म्हातारी म्हनली, लेक गाडीत हाय. म्हनली, जावयाच्या ध्यानात न्हाई यायचं, पर लेक वळून बघंल न् गाडी मागारी आनील. तवाच्यानं वाटंकडं डोळं लावून बसलीय. लेक कुटाय मंग?”

मी गाडीच्या उघड्या दाराकडे बघितलं. सहादूनं माझ्याकडे पाहिलं, खडकावरच्या तांब्याकडे पाहिलं, मग गाडीच्या मागं जाऊन आत डोकावला. मोरपंखी पडदा, पलंग, दोन उशा. बाई नाही. त्यानं खाली बघून हाळी दिली आणि खाचरातून आणखी तीन विळे वर आले. आता त्यांच्या दृष्टीनं मी सासूला डोंगरात टाकलं होतं आणि बायकोचं काय केलं होतं देव जाणे! एकानं चावी काढून घेतली. दुसरा म्हणाला, राजूरला पोलिसांकडं नेऊ. मी इतक्या लोकांना इतक्या वेळा हातात पाना धरून दरडावलंय, पण तिथं चार माणसांपुढं मला एवढंच म्हणता आलं, “ती मे महिन्यात वारली. मामींनाही माहीत आहे.”

ज्यानं चावी घेतली होती त्यानं ती परत माझ्या हातात ठेवली. सहादू पुढं चालू लागला आणि आम्ही मागोमाग गेलो.

मामी त्याच्या ओट्यावर बसल्या होत्या, समोर नाचणीची भाकरी तशीच पडलेली. मला पाहून त्यांनी आधी माझ्या मागं बघितलं. वाटेवर, माझ्या खांद्यामागं, बराच वेळ. मी बाजूला सरकलो, म्हणजे मागं कुणी नाही ते त्यांना दिसावं. मग त्या उठल्या. डोक्यावर पदर नव्हता, तो घ्यायचं त्यांना सुचलं नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघत त्या म्हणाल्या, “कुटं गेल्ता रं मला टाकून? ती बी आशीच न सांगता गेली. आता तू बी?”

त्यांचे डोळे जयमालाचे होते. अगदी तेच, तसेच घारे. नऊ वर्षं ते माझ्या घरात होते आणि मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि आम्ही दोघंही रडलो, परक्या माणसाच्या ओट्यावर, अख्खी वाडी बघत असताना. सहादूच्या बायकोनं सगळ्यांना हाकलून दिलं आणि दार ओढून घेतलं.

निघताना मामींचा पदर परत डोक्यावर आला. आम्ही परत माळावर गेलो. ऊन उतरत होतं, गवत पिवळं पडलं होतं, खाली कोकण धूसर दिसत होतं. मामी मागच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी पिंपाला विचारलं, “हेच व्हय?” मी चाकाला म्हणालो, हेच. त्यानंतर दोघांनाही तिथं करण्यासारखं काही सुचेना. शेगडी वाऱ्यानं पेटली नाही, म्हणून दशम्या कोरड्याच खाल्ल्या. त्या आत झोपल्या आणि मी पुढं सीटवर. सकाळी उठून पाहतो तर गाठोडं बांधलेलं. तीन दिवसांची मुदत एका दिवसात संपली, आणि वाक्य अजून माझ्याकडेच होतं.

परतीच्या वाटेवर मी फक्त कोल्हारच्या चौकाचा विचार करत होतो. तिथून सरळ गेलं की बेलापूर आणि उजवीकडं वळलं की आमचं घर. म्हटलं, तिथवर सुचेल. संगमनेर आलं, गेलं. लोणी आलं, गेलं. कोल्हार आलं आणि चौकाच्या बरोबर मधोमध मी ब्रेक दाबला. मागं उसाचे दोन ट्रेलर, त्यामागं एसटी, सगळ्यांचे हॉर्न एकदम सुरू झाले. मी सीटवरून वळलो आणि माझ्या हातानं पडदा बाजूला केला. मामी पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या.

“मामी,” मी म्हणालो, “बेलापूरला जाऊ नका. घरी चला.”

एवढंच. बारा किलोमीटरमधलं बाकी काही आठवलं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. तेवढ्यात ट्रॅफिक पोलिसानं खिडकीच्या काचेवर टकटक केलं. तरणा पोरगा होता. काय झालं, गाडी बंद पडली का, असं विचारत त्यानं आत डोकं घातलं. आणि मामींना वाट सापडली.

“दादा,” त्या पोलिसाला म्हणाल्या, “ह्यांना सांगा, तुमी माजं लेकावानी केलं. माजं काय गाऱ्हानं न्हाई. पर त्या घरात मला काय बी बोलायचं झालं का तोंडात पयलं तिचंच नाव येतंय. काल परक्यात बी आलं. मला खरंच वाटलं हुतं, ती गाडीत हाय. आनखी ऱ्हायले तर ती गेली हे मला पटायचंच न्हाई. त्यांना सांगा, मला बेलापूरला सोडा.”

पोलिसानं माझ्याकडे मान वळवली. “त्या म्हणतायत…” असं तो म्हणाला आणि थांबला. मागून एसटीवाला काहीबाही ओरडत होता. पोलिसानं त्याला हातानं गप्प केलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

“त्यांना सांगा,” मी म्हणालो, “बरं.”

“बरं म्हणतायत, आजी,” पोलीस म्हणाला. मग त्यानं दोन्ही बाजूंची वाहनं थांबवून माझी गाडी सरळ जाऊ दिली. चलानही फाडलं नाही.

बेलापुरात नितीन पेटी उतरवायला धावत आला. आणि मग माझं जे स्वागत झालं! मी त्या घरचा जावई. लेक राहिली नाही तरी जावई जावईच. अंगणात खुर्ची टाकली, तिच्यावर नवा टॉवेल अंथरला, पाय धुवायला गरम पाणी आणलं. शेजारचे दोघं जण मुद्दाम भेटायला आले. मामी उतरल्या, पदर पुढं ओढला आणि जावई दारात आल्यावर सासूनं जिथं जायचं असतं तिथं, आत गेल्या. मला बांगड्या ऐकू येत होत्या. मी खुर्चीवर ताठ बसलो होतो, कारण टॉवेल घातलेल्या खुर्चीवर दुसरं काही करता येत नाही.

थोड्या वेळानं नितीनची बायको अश्विनी चहा घेऊन आली. म्हणाली, “आत्याबाईंनी स्वतः केलाय, मला हात लावू दिला नाही. विचारतायत, साखर बरोबर हाय ना?”

मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. कणभरही नव्हती, मामी घालायलाच विसरल्या होत्या. दाराआडच्या बांगड्या थांबल्या होत्या.

“मामींना सांग,” मी म्हणालो, “एकदम बरोबर आहे. आणखी अर्धा कप चालेल.”

अर्ध्या कपातही नव्हती.